यंत्राचा राखीव दम

संगणकाला त्याच्या कर्त्यानें नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगानें चालविण्याची जी विद्या आहे, तिला ‘ओव्हरक्लॉकिंग’ असें नांव आहे. आणि तें नांव घराघरांतील तरुण मंडळींच्या तोंडीं आतां इतकें बसलें आहे कीं, त्यास मराठी प्रतिशब्द घडविण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. या विद्येविषयीं वडील मंडळींत एक समजूत आढळते व मुलांत दुसरी. वडिलांना वाटतें, असें केल्यानें यंत्र तत्काळ जळून जाईल. मुलांना वाटतें, ज्या अर्थीं यंत्र चालतें आहे त्या अर्थीं त्याला कांहींच झालेलें नाहीं. दोन्ही समजुती अर्ध्या खऱ्या आहेत. आणि अर्धें सत्य हातीं घेऊन घरांत वाद माजला म्हणजे तो लवकर मिटत नाहीं, हें एकत्र कुटुंबांत राहणारांस सांगावयास नकोच. यास्तव या महिन्याच्या लेखांत या विषयाची विद्युत्-शास्त्राच्या बाजूनें थोडी फोड करावी, असें आम्हीं योजिलें आहे.

विषय जुन्या संगणकाचा घेतला आहे, याला कारण आहे. अलीकडील प्रोसेसर आपला वेग आपणच क्षणोक्षणीं कमीअधिक करतात, आणि फार तापल्यास आपणहून मागें सरतात. पंचवीस वर्षांमागील घरगुती प्रोसेसरांत वेग असा आवरून स्वतःला सांवरण्याची सोय नव्हती. अशीं यंत्रें नवीं म्हणून आतां मिळत नाहींत. तथापि पुष्कळ घरांच्या माळ्यावर किंवा कोपऱ्यांतील मेजावर तीं अद्याप आहेत. त्यांत कोणाच्या आजोबांनीं जुळविलेली वंशावळ असते, कोणाच्या काकांनीं दहा वर्षें राखिलेला घरखर्चाचा हिशेब असतो. आणि नातवंडांना तीं यंत्रें पुन्हां चालू करून त्यांच्याकडून अधिक काम करवून घेण्याचा छंद जडलेला असतो. छंद चांगला आहे, असेंच आमचें मत आहे. मात्र एकाच यंत्रांत एकाचा छंद आणि सर्वांचें दप्तर नांदत असेल, तर पहिल्यापासून दुसऱ्यास कोणता अपाय होऊं शकतो, तें आधीं समजून घेतलें पाहिजे.

प्रथम वेग म्हणजे काय तें पाहूं. संगणकाच्या मदरबोर्डावर क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो. त्याच्या नियमित कंपनांवरून यंत्रासाठीं ठोके तयार होतात, आणि प्रोसेसरांतील व्यवहार या ठोक्यांच्या तालावर चालतात. ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला तीस कोटि ठोक्यांवर चालणारा प्रोसेसर. दोन ठोक्यांमधील अवकाश त्यांत सुमारें ३.३३ नॅनोसेकंदांचा असतो. वेग ४५० वर नेला म्हणजे तोच अवकाश २.२२ नॅनोसेकंदांवर येतो. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. एवढ्या वेळांत प्रकाशदेखील निर्वात प्रदेशांत अवघें तीस सेंटिमीटर, म्हणजे मुलांच्या दप्तरांतील एका फूटपट्टीएवढें अंतर तोडतो.

आम्हीं आयुष्य शाळेंत घालविलें, म्हणून उपमाहि तेथलीच सुचते. एका रांगेंत दहा विद्यार्थी बसले आहेत अशी कल्पना करावी. पहिल्यानें पाटीवर एक आंकडा मांडावयाचा आणि घंटा झाली कीं पाटी दुसऱ्याच्या हातीं द्यावयाची. दुसऱ्यानें त्यांत आपला आंकडा मिळवून पुढच्या घंटेला ती तिसऱ्याकडे सरकवावयाची. घंटा सावकाश होत असेल तर प्रत्येकाचें काम पुरें होऊन क्षणभर विसांवाहि मिळतो. ती लवकर लवकर होऊं लागली म्हणजे हा विसांवा आटत जातो. आणि आणखी लवकर होऊं लागली, तर रांगेंतील सर्वांत मंद मुलाच्या हातून अर्धवट लिहिलेली पाटी पुढें जाते. पुढच्या मुलाला ती अर्धवट आहे हें समजत नाहीं. जो आंकडा दिसेल त्यांत तो आपला आंकडा मिळवितो. विद्यार्थ्यांच्या जागीं ट्रॅन्झिस्टरांचे समूह, आंकड्यांच्या जागीं शून्य व एक, आणि घंटेच्या जागीं ठोका घातला म्हणजे प्रोसेसरांतील व्यवहार झाला. अर्धवट पाटी ओळखूं येत नाहीं, एवढी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

आतां एक खरें उदाहरण घेऊं. २४ ऑगस्ट १९९८ रोजीं इंटेल कंपनीनें ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्त प्रोसेसर बाजारांत आणिला. त्यांत सुमारें एक कोटि नव्वद लक्ष ट्रॅन्झिस्टर होते, आणि १२८ किलोबाइटची द्रुत स्मृति प्रोसेसरच्याच चकतीवर बसविलेली होती. त्याचा वेग ठरे तो असा: मदरबोर्डावरील मुख्य मार्गाचा, ज्यास ‘बस’ म्हणतात त्याचा, ठोका सुमारें ६६ मेगाहर्ट्झ, आणि प्रोसेसरचा वेग त्याच्या साडेचार पट, म्हणजे ३००. हा साडेचाराचा गुणक कंपनीनें आंतूनच कुलूपबंद केलेला होता. परंतु बसचा ठोका बदलणें मदरबोर्डाच्या हातीं होतें. बस १०० वर नेली कीं साडेचार पटीनें हिशेब ४५० चा होई. त्याच दिवशीं त्याच कंपनीनें ४५० मेगाहर्ट्झचा ‘पेंटियम टू’ बाजारांत आणिला होता, आणि त्याची किंमत सेलेरॉनच्या कित्येक पट होती. मग काय विचारतां! हौशी लोकांत या लहान भावाची कीर्ति वाऱ्यासारखी पसरली. ज्यांच्या मदरबोर्डावर बसचा ठोका बदलण्याची सोय नव्हती, त्यांनीं प्रोसेसरच्या पट्टीवरील ‘बी२१’ या संपर्काच्या टोकावर चिकटपट्टीचा बारीकसा तुकडा डकविला. तेवढ्यानें मदरबोर्डाला हा १०० च्या बसवरील प्रोसेसर आहे असें वाटे. ‘अबिट’ कंपनीच्या ‘बीएच६’ सारख्या मदरबोर्डांवर तर हीच गोष्ट बायॉसच्या पडद्यावरून, पेटी न उघडतां करतां येई.

येथें कोणीहि विचारील कीं, हें यंत्र ४५० वर चालूं शकत होतें तर कंपनीनें त्यावर ३०० चा शिक्का कां मारला? यांत कांहीं व्यापार होता व कांहीं शहाणपण होतें. व्यापार असा कीं, ती उत्पादनपद्धति तोंवर चांगली मुरलेली होती, आणि स्वस्त प्रोसेसरांची मागणी भागविण्यासाठीं अधिक वेगास लायक अशा कित्येक नगांवरहि कमी वेगाचाच शिक्का बसत असे. शहाणपण असें कीं, शिक्का मारणाराला हा नग पुढें कोणाच्या घरीं जाणार हें ठाऊक नसतें. तो थंड खोलींत बसेल किंवा विदर्भाच्या वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं बसेल. त्याला मिळणारा विद्युद्दाब स्थिर असेल किंवा डळमळीत असेल. पंख्यावर धूळ साचेल. आणि वर्षें लोटलीं म्हणजे ट्रॅन्झिस्टरहि किंचित् मंद होतील. हीं सगळीं संकटें एकदम आलीं तरी घंटेच्या आधीं पाटी पुरी व्हावी, एवढा अवकाश तो राखून ठेवितो. त्यालाच आम्ही यंत्राचा राखीव दम म्हणतों. ओव्हरक्लॉकिंगानें यंत्रांत नवी शक्ति उत्पन्न होत नाहीं. संकटासाठीं बाजूला ठेविलेली शिल्लक रोजच्या खर्चासाठीं काढली जाते, इतकेंच. ती काढूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. कोणत्या खात्यांतून किती काढली, हें मात्र काढणारास माहीत असावें.

पहिलें खातें उष्णतेचें. प्रत्येक ट्रॅन्झिस्टर व त्याला जोडलेली तार हें विद्युद्भार सांठविणारें एक सूक्ष्म भांडें आहे असें समजावें. ठोक्याठोक्याला हीं भांडीं भरतात व रिकामीं होतात, आणि त्या भरण्यासांडण्यांत खर्च झालेली शक्ति उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. हा खर्च ठोक्यांच्या संख्येच्या सरळ प्रमाणांत वाढतो, परंतु विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ३००ए साठीं नेमलेला दाब २ व्होल्ट होता. हिशेबाच्या सोयीसाठीं त्याचा मूळ खर्च १८ वॅट धरूं. म्हणजे त्यांतून ९ अँपियरचा प्रवाह वाहतो. दाब तोच ठेवून वेग ४५० वर नेला, तर खर्च दीडपट, म्हणजे २७ वॅट होतो, आणि प्रवाह साडेतेरा अँपियर. आतां ४५० वर यंत्र अडखळतें म्हणून दाब २.२ व्होल्ट केला असें समजा. दाब वाढला दहा टक्के. त्याचा वर्ग केला तर खर्च आणखी एकवीस टक्क्यांनीं वाढून पावणेतेहतीस वॅटांच्या घरांत गेला, आणि प्रवाह पंधरा अँपियरच्या जवळ आला. स्नानगृहांतील तीन किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टांवर सुमारें तेरा अँपियर ओढतो. त्याहून अधिक प्रवाह येथें दोन-सव्वादोन व्होल्टांच्या दाबानें नखाएवढ्या चकतींत शिरतो आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे प्रकरणाचें गांभीर्य कळतें.

विजेच्या बिलाची चिंता येथें करूं नये. पंधरा वॅटांचा अधिक खर्च, रोज चार तास वापर धरला तरी, महिन्याकांठीं दोन युनिटांच्या आसपास जातो. किंमत चुकती होते ती बिलांत नव्हे, यंत्राच्या अवयवांत.

उष्णतेचा दुसरा गुण असा कीं, ती स्वतःच वेगाची वैरीण आहे. तापलेल्या ट्रॅन्झिस्टरांतून प्रवाह मंदपणें वाहतो, आणि तापलेल्या अॅल्युमिनियमच्या तारेचा रोध दर अंशास सुमारें ०.४ टक्क्यानें वाढतो. म्हणजे घंटा लवकर केल्यामुळें मुलें दमतात, आणि दमल्यामुळें अधिकच मंद होतात. शिवाय हीटसिंक व पंखा यांचें काम उष्णता खोलींतील हवेला देण्याचें. हवेहून थंड होणें त्यांच्या हातीं नाहीं. मूळ वेगावर प्रोसेसर खोलीच्या उष्णतेहून २५ अंशांनीं अधिक तापत असेल, तर वरील हिशेबानें तो ४५ अंशांनीं अधिक तापेल. खोली २० अंशांवर असतां हा आंकडा ६५ होतो, आणि ४० वर असतां ८५. पौषांत निर्धोक वाटलेली जोडणी वैशाखांत कां चुकूं लागते, याचें उत्तर या साध्या बेरजेंत आहे.

दुसरें खातें प्रवाह पुरविणाऱ्या अवयवांचें. वीज भिंतीवरून प्रथम पॉवर सप्लायच्या पेटींत येते. तेथें तिचा दाब उतरून त्या काळच्या बहुतेक मदरबोर्डांत ५ व्होल्टांच्या तारेवरून ती प्रोसेसरच्या शेजारच्या नियामकाकडे जाते, आणि हा नियामक ५ व्होल्टांचे २ व्होल्ट करतो. नियामकांत विद्युत्-प्रवाहाची उघडझांप करणारे ट्रॅन्झिस्टर, तांब्याचें वेटोळें आणि नळकांड्यांच्या आकाराचे कपॅसिटर असतात. आतां रोधांतून प्रवाह वाहूं लागला म्हणजे उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते, हें विज्ञानाच्या प्राथमिक पुस्तकांतील सूत्र आहे. प्रवाह नऊ अँपियरांवरून पंधरांजवळ गेला, तर त्या वाटेवरील प्रत्येक सांध्यांत व तारेंत पूर्वीच्या पावणेतीनपट उष्णता उत्पन्न होते. प्रोसेसरवर नवा मोठा पंखा बसविणारे हौशी पुष्कळ. नियामकाची विचारपूस करणारे थोडे.

या सर्वांत दुर्बळ गडी म्हणजे कपॅसिटर. त्याच्या पोटांत अॅल्युमिनियमची पातळ पत्री, कागद आणि एक विद्युद्वाहक द्रव असतो. हा द्रव कालांतरानें सुकतो, आणि दर दहा अंश उष्णतेमागें त्याचें आयुष्य अदमासें निम्मे होतें असा कारागिरांचा आडाखा आहे. प्रोसेसरची मागणी क्षणांत वाढते, क्षणांत घटते. त्या हेलकाव्यांत दाब स्थिर राखणें हें कपॅसिटरचें काम. तो सुकला कीं त्याचा अंतर्गत रोध वाढतो, तो स्वतः अधिक तापतो, आणि प्रोसेसरला मिळणारा दाब थरथरूं लागतो. दाब क्षणभर खालीं आला कीं ट्रॅन्झिस्टर तेवढाच क्षण मंदावतात, आणि नेमकी त्याच क्षणीं एखादी पाटी अर्धवट पुढें जाते. म्हणून ‘हाच प्रोसेसर १९९९ सालीं ४५० वर बिनबोभाट चालत होता’ हा पुरावा आज पुरेसा नाहीं. प्रोसेसर तोच असेल, पण त्याला पाणी पाजणारे कपॅसिटर पंचवीस वर्षांनीं म्हातारे झाले आहेत. त्यांतून १९९९ नंतरच्या कांहीं वर्षांत तयार झालेल्या अनेक मदरबोर्डांवर सदोष द्रवाचे कपॅसिटर बसविले गेले होते व ते अकालीं फुगून फुटले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

तिसरें खातें प्रोसेसरच्याच आयुष्याचें. दाब वाढविला म्हणजे वर सांगितलेलीं भांडीं लवकर भरतात, म्हणून यंत्र अधिक वेगास टिकतें; हें खरें. परंतु ट्रॅन्झिस्टरांत विद्युत्-रोधक असा ऑक्साइडचा जो पडदा असतो, तो कांहीं थोड्या नॅनोमीटर जाडीचा असतो, आणि वाढलेल्या दाबाचा ताण त्यालाच सोसावा लागतो. तसेंच त्या काळच्या इंटेलच्या प्रोसेसरांतील तारा अॅल्युमिनियमच्या होत्या. अतिसूक्ष्म तारेंतून मोठा प्रवाह वाहूं लागला म्हणजे धांवणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना हळूहळू लोटीत नेतात. नदीच्या प्रवाहानें काठची माती एकीकडे खचावी व दुसरीकडे सांचावी, तसें तारेंत एकीकडे पोकळी व दुसरीकडे उंचवटा होतो. जेम्स ब्लॅक या अभियंत्यानें १९६९ सालीं या झिजेचें सूत्र मांडलें. त्याप्रमाणें तारेचें आयुष्य प्रवाहाच्या घनतेच्या अदमासें वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत घटतें, आणि उष्णता वाढली तर याहूनहि झपाट्यानें घटतें. असें असूनहि कित्येकांचे सेलेरॉन वर्षानुवर्षें ४५० वर चालले, कारण मूळचें आयुष्यच इतकें दीर्घ कल्पिलेलें होतें कीं त्यांतून बरेंच काढूनहि मालकाच्या उपयोगापुरतें उरलें. वडील मंडळींची ‘तत्काळ जळेल’ ही समजूत येथें खोटी ठरते. अतिरेक न केल्यास यंत्र एकाएकीं जळत नाहीं. तें झिजतें, आणि झीज डोळ्यांना दिसत नाहीं.

आतां चौथें खातें, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें. बसचा ठोका वाढविला म्हणजे केवळ प्रोसेसरचाच वेग वाढतो असें नाहीं. स्मृतीच्या पट्ट्यांनाहि त्याच तालावर चालावें लागतें. १०० च्या बसला तेवढ्या वेगाची, ‘पीसी१००’ जातीची स्मृति हवी. शिवाय बसच्याच ठोक्याला भागून ‘पीसीआय’ नांवाच्या दुय्यम मार्गाचा ठोका काढलेला असतो, व त्या मार्गाची नेमलेली मर्यादा ३३ मेगाहर्ट्झ आहे. ६६ च्या बसला दोहोंनीं भागिलें कीं ३३ येतात. १०० च्या बसला मदरबोर्ड तिहींनीं भागतो, तेव्हांहि ३३ च येतात. परंतु ज्यांचा सेलेरॉन १०० ची बस सोसत नसे, ते ‘थोडक्यांत समाधान’ म्हणून ७५ किंवा ८३ ची बस धरीत. तेथें भाजक दोहोंचाच राही, आणि दुय्यम मार्ग साडेसदतीस किंवा साडेएकेचाळीस मेगाहर्ट्झवर धांवूं लागे. पहा, कशी गंमत आहे! ४५० वर चालविणाराचा दुय्यम मार्ग मर्यादेंत, आणि ३७५ वर समाधान मानणाराचा मर्यादेबाहेर. अल्प लोभ निरुपद्रवी असतो हा संसारांतील समज येथें लागू पडत नाहीं.

या दुय्यम मार्गाशीं जोडलेलें काय असतें? हार्डडिस्कवर लिहिणारा व तिच्यावरून वाचणारा नियंत्रक! म्हणजे अर्धवट पाटी आतां केवळ हातोहात फिरत नाहीं, ती दप्तरखान्यांत जाऊन बसते. हार्डडिस्कवरील मजकूर बिघडण्याचे प्रकार त्या काळीं ८३ च्या बसवर अनेकांनीं अनुभविले. आणि मार्ग मर्यादेंत असला तरी प्रोसेसर किंवा स्मृति यांपैकीं कोणी चुकूं लागल्यास परिणाम तोच. कारण घरगुती संगणकांच्या स्मृतींत चूक ओळखण्याची व्यवस्था सहसा नसे.

ही चूक दिसते कशी, हें सांगणें अवश्य आहे. यंत्र मध्येंच थिजलें किंवा पडदा निळा झाला, तर तें सुदैव समजावें. चोर निदान ओरडला. परंतु चूक नेहमीं ओरडत नाहीं. संगणक प्रत्येक अक्षर व आंकडा शून्य आणि एक यांच्या मालिकेनें लिहितो, आणि शून्य व आठ या आंकड्यांच्या मालिकांत केवळ एका बिटाचा फरक असतो. तो एक बिट उलटला, तर वंशावळींत १९०८ सालीं जन्मलेले पणजोबा १९०० सालीं जन्मतात. कागदावर खाडाखोड झाली तर शाई दिसते, हस्ताक्षर बदललें तर संशय येतो. येथें खूण राहत नाहीं. नंतर त्या बिघडलेल्या प्रतीवरून नवी प्रत केली म्हणजे चूकहि प्रामाणिकपणें उतरते, आणि जुनी खरी प्रत पुसली जाते. घरांतील ज्या वृद्धाला खरें साल ठाऊक होतें तो निघून गेला, कीं ती चूक घराण्याचा इतिहास होऊन बसते. पुढें वेग पूर्ववत् केला तरी एकदां लिहिलेलें चुकीचें साल आपोआप शुद्ध होत नाहीं. प्रोसेसर गेला तर जुन्या बाजारांत दुसरा मिळेल. हें कोठून मिळणार? ‘यंत्र चालतें आहे त्या अर्थीं कांहीं झालें नाहीं’ ही मुलांची समजूत खोटी ठरते ती या ठिकाणीं.

तेव्हां घरांत करावें काय? आमची सूचना अशी कीं, जुन्या यंत्रांतील हार्डडिस्क आधीं काढून घ्यावी. तिच्यावरील सर्व दप्तराच्या दोन प्रती दुसऱ्या, नेमल्या वेगानें चालणाऱ्या यंत्रावर कराव्या, त्या उघडून पाहाव्या, आणि मूळ डिस्क कपाटांत ठेवावी. प्रयोगासाठीं जुनी, रिकामी डिस्क लावावी. एवढें केलें म्हणजे चौथ्या खात्याचा धोका जवळजवळ नाहींसा होतो, आणि उरलेल्या तीन खात्यांत जें जाईल तें फार तर यंत्राचें जाईल.

पुढें मदरबोर्डावरील कपॅसिटर नीट निरखावे. ज्यांचे माथे फुगले असतील किंवा ज्यांच्या बुडाशीं तपकिरी डाग असतील, ते बदलल्यावांचून वेग वाढविण्याचें नांव काढूं नये. वेग वाढवितांना दाबाला हात लावूं नये. जेथवर मूळ दाबावर यंत्र निर्दोष चालतें, तेथवरच त्याचा खरा राखीव दम आहे असें समजावें. बस अशी निवडावी कीं दुय्यम मार्ग ३३ वरच राहील. मग ‘मेमटेस्ट८६’ या साधनानें स्मृतीची रात्रभर परीक्षा घ्यावी. तसेंच ‘प्राइम९५’ या साधनानें प्रोसेसरकडून दीर्घ गणितें करवून घ्यावीं. यांतील उत्तरें आधींच ठाऊक असल्यामुळें चुकलेली पाटी तेथें तत्काळ पकडली जाते. ही परीक्षा भर उन्हाळ्याच्या दुपारीं घ्यावी, पहांटेच्या गारव्यांत नव्हे. एक जरी चूक निघाली तरी ती ‘एकच’ म्हणून सोडून देऊं नये. वेग एक पायरी खालीं आणावा. आणि पॉवर सप्लायची पेटी कोणत्याहि कारणास्तव उघडूं नये. तिच्यांतील कपॅसिटरांत तीनशेंहून अधिक व्होल्टांचा दाब असतो, व तार भिंतींतून काढल्यावरहि तो कांहीं काळ टिकूं शकतो. येथें प्रश्न यंत्राच्या जिवाचा नाहीं, मुलाच्या जिवाचा आहे.

वडील मंडळींस आमचें सांगणें असें कीं, वरील व्यवस्था झाल्यावर मुलास अडवूं नये. दाबाचा वर्ग, प्रवाहाचा वर्ग, ठोक्यांचा भागाकार हीं पुस्तकांत कंटाळवाणीं वाटणारीं सूत्रें तो येथें हातांनीं शिकेल, आणि हीटसिंकला बोट लावून त्यांचा पडताळा घेईल. अशी प्रयोगशाळा पुष्कळ शाळांनाहि लाभत नाहीं. त्याच्याजवळ घटकाभर बसून ‘आज आंकडे किती निघाले?’ असें विचारलेंत, तर त्याला वहींत टिपण ठेवण्याची संवयहि लागेल.

आणि तरुण मंडळींस एवढेंच सांगावयाचें कीं, सामायिक मिळकतींतून एकट्यानें खर्च करावयाचा नाहीं, हा नियम आपल्या घरांतून जुनाच आहे. प्रोसेसर तुमच्या खाऊच्या पैशांतून आला असेल, तर त्याचा दम तुम्ही खुशाल खर्चावा. परंतु त्याच्या शेजारच्या डिस्कवर आजोबांनीं एका बोटानें अक्षरें शोधीत टंकिलेली जी पानें आहेत, त्यांचे मालक घरांतील सगळे आहेत, आणि अजून जन्मास न आलेलेहि आहेत. यंत्राची कळ दाबण्यापूर्वीं त्या पानांची दुसरी प्रत कोठें आहे, एवढें घरांत मोठ्यानें विचारून घ्यावें.